फलकावरचं अक्षर शेवटपर्यंत अक्षरच ठेवलं: लेयर आणि टेक्स्ट इफेक्ट शिकतानाचे सात आठवडे

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचा फलक यंदा घरीच तयार करायचा असं ठरलं, तेव्हा हातात सात आठवडे होते. चतुर्थी २७ ऑगस्ट २०२५ला, आणि कामाला हात लागला ६ जुलैला, आषाढी एकादशीच्या रविवारी. फलक १० फूट बाय ४ फूट, फाटकाबाहेर रस्त्याच्या बाजूला लावायचा. मोबाइलवर फोटो कापण्यापलीकडे या कामाची सवय नव्हती. असंच काम कुणाच्या अंगावर आलं असेल आणि लेयर, मास्क, इफेक्ट ही नावं ऐकून धास्ती वाटत असेल, तर घडलं तसं, आकड्यांसकट वाचायला मिळावं म्हणून हे लिहिलं आहे.

सॉफ्टवेअर गिम्प घेतलं. ते फुकट आहे, आणि मार्च २०२५मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून त्यात अशी सोय झाली आहे की फिल्टर लावला तरी मूळ चित्राला धक्का लागत नाही. हे शिकायला बसण्यापूर्वी माहीत हवं. नेटवर मिळणारे बहुतेक धडे २०१८च्या २.१० आवृत्तीवर बेतलेले आहेत. त्यात सावली द्यायची तर अक्षरांचं चित्र करून टाकायला सांगतात, आणि एकदा चित्र झालं की मजकूर बदलता येत नाही. धडा उघडला की आधी आवृत्तीचा आकडा बघावा.

पहिला आठवडा नुसत्या लेयरवर गेला, आणि तो तसा घालवला हे बरंच झालं. रांगोळीवर एकावर एक काचा ठेवाव्यात तसे लेयर असतात, वरची काच खालचं झाकते. कल्पना एवढीच. अडतं ते दोन जागी. एक, यादीत भलताच लेयर निवडलेला असतो, आणि आपण रंग भरतोय तरी काही उमटत नाही, किंवा नको तिथे उमटतं. दोन, लेयरला स्वतःची हद्द असते. गिम्पमध्ये ती पिवळ्या-काळ्या तुटक रेषेने दिसते आणि तिच्याबाहेर ब्रश चालत नाही. मजकुराचा लेयर मजकुराएवढाच असतो, त्यामुळे नवशिक्याला हे सगळ्यात आधी नडतं. लेयर मेनूमध्ये ‘लेयर टू इमेज साइज’ आहे, त्याने साध्या लेयरची हद्द पानाएवढी होते. मजकुराच्या लेयरवर मात्र ते वापरू नये, त्याच्यावर ब्रश चालवायचं कामच नसतं. मजकुराच्या लेयरवर एक फटकारा मारला तरी तो चित्र होतो. नंतर टेक्स्ट टूलने त्यावर क्लिक केलं की गिम्प विचारतं: या लेयरवर दुसऱ्या साधनाने काम झालं आहे, मजकूर बदलला तर ते काम जाईल, चालेल का? ही खिडकी समोर आली की समजावं, कुठेतरी हात चुकला.

फाइल पहिल्यापासून शेवटच्या आकाराची उघडावी. लांबून बघायच्या मोठ्या फलकाला ७२ डीपीआय, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल (चित्राचे ठिपके), पुरतं. १० फूट म्हणजे १२० इंच, गुणिले ७२ केले की ८६४० पिक्सेल. ४ फुटांचे ३४५६. म्हणजे पान जवळपास तीन कोटी पिक्सेलचं. साध्या ८ बिटमध्ये (रंग किती बारकाईने नोंदायचा त्याचं हे माप) प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात, तेव्हा पानाएवढा एक लेयर ११९ एमबी खातो. असे दहा झाले की १.२ जीबी, वर अनडूचा साठा वेगळा. नवी फाइल उघडताना ३२ बिट फ्लोट निवडलं गेलं तर हेच सगळं चौपट होतं. ८ जीबी रॅमच्या संगणकावर पहिल्या शनिवारी नेमकं हेच झालं, आणि प्रत्येक क्लिकला अर्धा मिनिट थांबावं लागलं. इमेज मेनूतल्या ‘प्रिसिजन’मध्ये जाऊन ८ बिट केलं आणि फोटोचे लेयर लागतील तेवढेच कापून ठेवले, तेव्हा काम चालू लागलं. आधी छोट्या आकारात करू आणि शेवटी मोठं करू, हा विचार नको. मूर्तीचा फोटो आणि मागचा पोत दोन्ही फाटतात.

मूर्तीच्या फोटोमागची भिंत काढायला इरेझर वापरला नाही, लेयर मास्क वापरला. मास्कवर काळा रंग लावला की तो भाग झाकतो, पांढरा लावला की परत दिसतो. इरेझरने गेलेलं गेलं. सोंडेजवळच्या हाराची कड तीनदा चुकली आणि तिन्ही वेळा पांढऱ्या ब्रशने परत आणता आली.

१९ जुलैला मजकुराला हात घातला, आणि मराठीचे खरे प्रश्न तिथून सुरू झाले. मागच्या वर्षीचा मजकूर श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. तो गिम्पमध्ये चिकटवला तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली. कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेले असतात. फॉन्ट काढून घेतला की मागे इंग्रजी अक्षरंच उरतात. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार एकेक करून तपासावे लागतात. मजकूर पन्नास-साठ शब्दांचा असेल तर विंडोजच्या भाषांच्या यादीत मराठी कीबोर्ड घालून नव्याने टाइप करणंच सोपं. इथे एक बारकावा सांभाळावा: ‘दुसऱ्या दिवशी’ मधला ऱ्य टाइप करताना नुक्त्याचा ऱ घ्यावा. साधा र घेतला तर ‘दुसर्या’ असं रफाराचं अशुद्ध रूप उमटतं, आणि दहा फुटी फलकावर ते दुरूनही दिसतं.

युनिकोड फॉन्ट, म्हणजे ज्यात देवनागरी अक्षरांना स्वतःची घरं असतात ते, फुकट आणि चांगले मिळतात. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त, बलू आणि मोदक खुल्या परवान्याचे आहेत, छपाईला निर्धास्त वापरता येतात. शीर्षकाला बलू घेतला, कारण जाड आणि गोलाव्याच्या अक्षरांना बाह्यरेषा चांगली बसते. खालच्या माहितीला मुक्त. मोदक दिसायला गोड, पण त्याच्या आतल्या मोकळ्या जागा इतक्या बारीक आहेत की बाह्यरेषा दिली की अक्षरं बुजतात. फॉन्ट विंडोजमध्ये टाकल्यावर गिम्पच्या यादीत लगेच दिसला नाही तर फॉन्टच्या खिडकीतलं रिफ्रेशचं बटण दाबावं, गिम्प बंद करायची गरज नाही. टेक्स्ट टूलच्या पर्यायांमध्ये अगदी तळाशी भाषा निवडता येते. तिथे मराठी करून ठेवावं. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय आहे, त्यात मग पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतात. नाही तर हिंदी वळण येतं आणि नेमकं काय खटकतंय ते पटकन कळत नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नये. रोमन लिपीत ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते. शब्द रुंद हवा असेल तर फॉन्टचा आकार वाढवावा किंवा रुंद फॉन्ट घ्यावा. ओळींमधलं अंतर कमी करतानाही वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आपटतो का ते बघावं. बाह्यरेषा दिल्यावर ही टक्कर आणखी वाढते, म्हणून अंतर नेहमी इफेक्टनंतर ठरवावं.

अक्षर किती मोठं हवं? फलकांच्या कामात एक ढोबळ हिशोब चालतो: दर १० फुटांना १ इंच उंचीचं अक्षर. समोरच्या फुटपाथवरून, साधारण ४० फुटांवरून वाचायचं तर ४ इंच, म्हणजे ७२ डीपीआयला २८८ पिक्सेल. पण टेक्स्ट टूलमध्ये आकार २८८ टाकला म्हणजे अक्षर २८८ होत नाही. त्या आकड्यात वेलांटी, उकार आणि वरची-खालची मोकळी जागा धरलेली असते, शिरोरेषेखालचं मूळ अक्षर बरंच लहान निघतं. मेजर टूलने शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजावं आणि त्यावरून आकडा वाढवत जावा.

२६ आणि २७ जुलै हे दोन दिवस टेक्स्ट इफेक्टवर गेले. इतर कशाहीपेक्षा हा भाग सविस्तर सांगण्यासारखा आहे.

‘श्री गणेशोत्सव’ ही ओळ पिवळी, तिला गर्द लाल बाह्यरेषा, आणि त्यामागे सावली, असं हवं होतं. पहिला प्रयत्न टेक्स्ट टूलमधल्याच बाह्यरेषेचा. ३.० मध्ये ‘आउटलाइन्ड अँड फिल्ड’ अशी शैली निवडता येते. रोमन अक्षरांवर ती व्यवस्थित दिसते. देवनागरीत मात्र शिरोरेषा जोडली जावी म्हणून प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते, आणि मात्रांचे दांडेही तसेच. बाह्यरेषा प्रत्येक तुकड्याभोवती वेगळी काढली जाते, म्हणून जिथे तुकडे एकमेकांवर चढतात तिथे पिवळ्या शिरोरेषेत लाल उभ्या चिरा उमटतात. १०० टक्क्यांवर नेऊन बघितलं तर ‘गणेशोत्सव’ या एका शब्दात त्या जागोजाग होत्या. छापल्यावर शिरोरेषा तडकल्यासारखी दिसली असती.

दुसरा मार्ग जुना आणि खात्रीचा. मजकुराच्या लेयरवर राइट क्लिक करून ‘अल्फा टू सिलेक्शन’ (अक्षरांच्या आकाराची निवड होते), मग सिलेक्ट मेनूतून ‘ग्रो’ २४ पिक्सेल, मजकुराच्या खाली एक नवा लेयर, त्यात लाल रंग. आता सगळी अक्षरं मिळून एकच आकार धरला जातो, म्हणून चिरा येत नाहीत. दोष एवढाच की मजकुरातलं एक अक्षर बदललं की लाल लेयर नव्याने करावा लागतो.

तिसरा मार्ग सापडला आणि तोच कायम केला. फिल्टर्स, लाइट अँड शॅडो, ड्रॉप शॅडो. हे नावाला सावलीचं आहे, पण त्यातला ‘ग्रो रेडियस’ बाह्यरेषेचं काम करतो. एक्स शून्य, वाय शून्य, ब्लर शून्य, ग्रो रेडियस २४, रंग लाल, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) १, ग्रोचा आकार वर्तुळ. चौकोन ठेवला तर अक्षरांच्या गोलाईला टोकं फुटतात. खिडकीच्या तळाशी ‘मर्ज फिल्टर’ची खूण असते, ती काढलेली आहे ना हे बघूनच ओके करावं. मग लेयरच्या ओळीत एफएक्स असं चिन्ह दिसतं, आणि मजकूर मजकूरच राहतो. ‘श्री’च्या जागी दुसरं काही टाइप करा, लाल कड त्या अक्षराच्या मागे लगेच येते. पहिल्यांदा हे होताना पाहिलं तेव्हा तीन आठवड्यांचा ताण उतरला.

मग तोच फिल्टर त्याच लेयरवर दुसऱ्यांदा लावला, या वेळी खऱ्या सावलीसाठी: एक्स ३०, वाय ३०, ब्लर २०, रंग काळपट तपकिरी, ओपॅसिटी ०.५. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कड, मग सावली, म्हणजे सावली कडेसकट पडते. उलटं झालं तर लाल कड सावलीलाही लागते आणि सगळं गिचमिड होतं. एफएक्सच्या चिन्हावर क्लिक केलं की फिल्टरची यादी उघडते, तिथे बाणांनी क्रम बदलता येतो, डोळ्याच्या खुणेने एखादा फिल्टर तात्पुरता बंदही करता येतो. ‘टेक्स्ट स्टायलिंग’ नावाचा एक फिल्टरही आहे, त्यात कड, सावली, उठाव सगळं एकत्र आहे. त्याच्या खिडकीत इतके स्लायडर आहेत की सुरुवातीला त्यापेक्षा दोन साध्या ड्रॉप शॅडो बऱ्या. कुठलाही फिल्टर मेनूत सापडेना तर स्लॅशची की दाबून नाव टाइप करावं, शोधपट्टी उघडते.

हे आकडे कुठून आले? अंदाजाने ठेवून, आणि इंचात मोजून. ८६४० पिक्सेलचं पान पडद्यावर १५ टक्क्यांवर दिसतं, तिथे १० पिक्सेलची कड दोरीएवढीही वाटत नाही, म्हणून हात वाढत जातो. पण ७२ डीपीआयला १० पिक्सेल म्हणजे साडेतीन मिलिमीटर, आणि २४ म्हणजे साडेआठ. पट्टी घेऊन भिंतीवर साडेआठ मिलिमीटर आखून चार पावलं मागे जावं, पुरेल की नाही ते तिथेच कळतं.

पिवळ्या अक्षरांना नुसता सपाट रंग न देता वरून खाली केशरी होत जाणारी छटा हवी होती. त्यासाठी मजकुराचा लेयर एका ग्रुपमध्ये घातला, त्याच्यावर छटेचा लेयर ठेवला, आणि छटेच्या लेयरचा कंपोझिट मोड ‘क्लिप टू बॅकड्रॉप’ केला. छटा अक्षरांपुरतीच दिसते. मात्र कड आणि सावलीचे फिल्टर आता मजकुरावरून काढून पूर्ण ग्रुपवर लावावे लागतात, नाही तर छटा कडेवरही पसरते. ग्रुपचा मोड नॉर्मल हवा, पास थ्रू केला तर छटा खालच्या फोटोवरही चढते. यात एक पूर्ण संध्याकाळ गेली.

२ ऑगस्टला तपासणीची छपाई. पूर्ण फलक ए३ कागदावर लहान करून छापण्यात अर्थ नसतो. शीर्षकातला ‘श्री’ आणि खालच्या ओळीतला एक तुकडा खऱ्या मापात कापून दोन ए३ रंगीत प्रती काढल्या. ६० रुपये लागले. पडद्यावरचा झगझगीत केशरी कागदावर विटकरीकडे झुकला. पडदा उजेडाने रंग दाखवतो, छपाई शाईने, आणि शाईला तेवढा झळाळ नसतो. केशरीत पिवळा वाढवला. सावलीचा ब्लरही २० वरून ३५ केला, कारण कागदावर तिची कड टोचत होती.

आता परवानगी. रस्त्याच्या बाजूला फलक लावायचा तर महापालिकेची परवानगी लागते. विनापरवानगी फलकाला १९९५चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा लागतो. प्रभाग कार्यालयात ११ ऑगस्टला अर्ज दिला. सोबत फलकाचा आकार, जागेचा फोटो, किती दिवस लावणार त्या तारखा आणि सोसायटीचं ना हरकत पत्र. शुल्क भरून पावती घेतली. परवानगीचा क्रमांक आणि मुदत फलकावरच छापायची, असं तिथे सांगितलं. म्हणजे क्रमांक हातात येईपर्यंत फाइल छपाईला देता येणार नाही. १५ला स्वातंत्र्यदिन, १६ला दहीहंडी, १७ला रविवार, आणि १८-१९ला तर पावसाने ठाणं आणि मुंबई दोन्ही बंद पाडली, लोकल थांबल्या. क्रमांक मिळाला २१ ऑगस्टला, गुरुवारी दुपारी.

मधल्या दिवसांत सोसायटीने आरतीची वेळ बदलली आणि एका कार्यक्रमाचा दिवस पुढे ढकलला. काकू-काका मंडळींनी ‘आबालवृद्धांना’ऐवजी ‘सर्वांना’ करायला सांगितलं. हे सगळे बदल आणि क्रमांकाची ओळ गुरुवारी संध्याकाळी वीस मिनिटांत झाली. कारण फलकावर एकही अक्षर चित्र झालेलं नव्हतं. अक्षरं चित्र करून ठेवली असती तर चार ओळींच्या कडा, सावल्या आणि छटा पुन्हा करायला रात्र गेली असती, आणि शुक्रवारची छपाई हुकली असती.

छपाईवाल्या दादांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, “ओपन फाइल आहे का? कर्व्ह करून आणा.” कर्व्ह करणं हा कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरचा शब्द, मजकूर रेषांमध्ये बदलून देणं, म्हणजे दुकानात तो फॉन्ट नसला तरी अक्षरं बदलत नाहीत. गिम्पचं काम पिक्सेलचं असल्याने कर्व्हचा प्रश्न येत नाही. त्यांना टिफ (नुसत्या चित्राची फाइल) दिली आणि फॉन्टची काळजी संपली. पीएसडी (फोटोशॉपची लेयरसकट फाइल) देऊन दुकानातल्या फोटोशॉपमध्ये मजकूर नव्याने टाइप करू द्यायचा असेल तर जपावं. तिथे टेक्स्ट इंजिनचा पर्याय ‘वर्ल्ड रेडी’ केलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं हलन्त होऊन सुटतात. ‘निमंत्रण’ मधली नि उलटी दिसली की कारण हेच समजावं.

गिम्पमध्ये ‘सेव्ह’ म्हणजे एक्ससीएफ, लेयरसकट आपली फाइल. छपाईची फाइल ‘एक्सपोर्ट’ने निघते. एक्सपोर्ट झाल्यावर ती टिफ पुन्हा उघडून १०० टक्क्यांवर डावीकडून उजवीकडे सगळी वाचून काढली, मोठ्याने. त्यात आरतीच्या वेळेतला एक बंद राहिलेला लेयर सापडला. चारही बाजूंनी तीन इंच मोकळे ठेवले होते, कारण दोरी ओवायच्या रिंग मारताना कडेचा मजकूर जातो.

फ्लेक्सऐवजी कापडावर छापलं. १ जुलै २०२२पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर देशभर बंदी आहे, आणि जाड घेण्यापेक्षा कापड घडी करून ठेवता येतं. ४० चौरस फूट, ३५ रुपये दराने १४०० रुपये, रिंगांसकट. शुक्रवारी सकाळी फाइल दिली, शनिवारी दुपारी फलक मिळाला. हवा दमट असल्याने शाई पुरती वाळली नव्हती. दादांनी तो गुंडाळू दिला नाही, आणखी दोन तास पंख्याखाली दोरीवर पसरून ठेवला. ओल्या शाईवर घडी पडली की गडद रंग पिवळ्यावर उमटतो, आणि मग त्याला उपाय नसतो.

२४ ऑगस्टला सकाळी फलक फाटकावर चढला. परवानगीची मुदत अनंत चतुर्दशीपर्यंत, ६ सप्टेंबर. विसर्जनाहून परतल्यावर रात्रीच तो उतरवला. एक्ससीएफ फाइल, दोन्ही फॉन्टच्या फाइल आणि परवानगी-अर्जाची प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवली आहे. पुढच्या वर्षी त्यात सहा ओळी बदलायच्या आहेत: साल, तिथी, वेळ, दोन कार्यक्रम आणि क्रमांक. अर्ज मात्र जुलैतच द्यायचा आहे.